कसा फुटला ते विचारणार नाही

॥ श्री ॥

अमडापूर
ता. ५ सप्टेंबर १९६६

चि. सौ. कोकिळाले बापाचा आशीर्वाद. विहीणबाई सोजराबाईले आणि जावईबापू शेषरावले रामराम. इकडं सगळं ठीक आहे. तिकडं रोहिणखेडलेही ठीक असावं, ही देवीजवळ मागणी.

कार्ड पाहून नवल वाटलं असन. आखाजीचं माहेरपण करून तू गेलीस, त्यापासून तुह्यं पत्र नाही आणि माह्यंही नाही. मी लिहिणारा माणूस नाही हे तुले ठाऊक आहे. चौथी शिकलो, तेवढ्यात दुकानाची पाटी लिहिता आली, भागलं.

पाऊस बरा आहे. कपाशीनं पात्या धरल्या. पोळा तोंडावर आला. माह्या पायाले उलीसं लागलं, लाकूड तासायचा वाकस निसटला. काळजी करायसारखं नाही.

काम असं आहे, का आखाजीले तुह्यासंगं जो सागाचा पोळपाट देल्ला होता, तो मले परत पाह्यजे. यंदा त्या लाकडाचे सात पाट केले होते, त्यात कीड निघाली. सातही बदलून देऊन राह्यलो. हमी म्हणजे हमी. किसनकाका गुरुवारी मोताळ्याकडं बैल पाहाले येत आहे. त्याच्याजवळ नवा बाभळीचा पाट देतो, तू त्याले जुना दे. विहीणबाईले सांग, नवा बोटभर मोठा आहे.

तोवर त्या पाटावर काही लाटू नका. किडीचा भुसा पिठात जातो, पोट बिघडतं. परात उपडी घालून तिच्यावर लाटा. एवढं मात्र ऐका.

विहीणबाईले तुह्याकडून पत्र वाचून घ्यायची आवड आहे. त्यांले हे मोठ्यानं वाचून दाखव.

तुहा बाप
पुंजाजी


अमडापूर
ता. ९ सप्टेंबर १९६६, शुक्रवार

चि. सौ. कोकिळाले अनेक आशीर्वाद. घरच्या सगळ्यांले रामराम.

किसन आज सकाळच्या गाडीनं आला. मी ओट्यावर बसलेला, पाय उशीवर. त्याच्या बगलेत फडक्यात गुंडाळलेलं गोल काही दिसलं आणि माहा जीव भांड्यात पडला. फडकं सोडलं तर बाभूळ. जसा नेला तसाच परत आणला गड्यानं. तोंडचं पाणी पळालं माह्या.

विहीणबाई काय बोलल्या ते त्यानं जसंच्या तसं सांगतलं. "इवायाले म्हना, लेकीसंगं आलेली वस्तू माघारी जात नसते. वस्तू गेली का तिच्या मांगं लेक जाते. आमच्या घरची रीत हाये ते. आन् हमीचं म्हनान, तर तुमच्या पाटीवर काय लिवलं हाये? फुटला, चिरला, वाकला तं बदलून भेटन. माहा पाट फुटला का? चिरला का? आरशावानी हाये."

पाटी माही, डांबर माह्यं, अक्षर माह्यं. वीस वर्षं झाली ती पाटी दुकानावर लावून. 'येथे पोळपाट हयातीच्या हमीवर मिळतात. फुटला, चिरला, वाकला तर बदलून मिळेल. कसा फुटला ते विचारणार नाही.' तू लहान असताना तेच वाचून अक्षर लावायले शिकलीस. कोणी फुटका पाट आणला, का मी निस्ता उलटा करतो, खाली माहा 'पु' अक्षराचा डाग पाहतो आणि नवा देतो. कुठं कोणाच्या पाठीत बसला, कोणी कोणाच्या आंगावर फेकला, आपल्याले काय करायचं? बायका त्यासाठीच चार कोसावरून येतात. आणि न फुटलेला पाट परत मागायची पाळी येईन, असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

बाकी सहा जमा झाले. अंबूबाई आधी ऐकेचना. भर बाजारात म्हणे, "न फुटता बदलून देते? पुंजाजीच्या लाकडाले नाही, डोक्स्याले कीड लागली." शेवटी पाटावर बेलणं फुकट देल्लं तेव्हा सोडला. सहाही मांगच्या छपरीत ताडपत्रीखाली ठेवले आहेत. कुत्र्यालेही तिकडं जाऊ देत नाही.

किसन हासून हासून सांगत होता, का विहीणबाईनं च्या बशीत ओतला तर निम्मा लुगड्यावर. "हात निस्ते लटलट. मांगच्या आठवड्यात चुलीजवळ फेपरं आल्यावानी पडल्या म्हने. देवरुषी झाला, अंगारा झाला. वय झालं आता." वय! माह्याहून चार वर्षं लहान आहे ती बाई. हे खरं आहे का? किती दिवसांपासून आहे?

आणखी एक तो बोलला. विहीणबाईले आता भाकर चावत नाही, म्हणून त्यांच्यापुरत्या दोन पोळ्या तू रोज लाटतेस, त्याच पाटावर. बाकी घर भाकर खाते. तूही भाकरच खातेस ना? एवढं एक वाक्य लिहून पाठव. दुसरं काही लिहू नको वाटलं तर नको लिहू, माह्यावर राग आहे तो राहू दे. पण भाकरच खातेस का, तेवढं लिही.

विहीणबाईले पुढचं वाचून दाखव. सोजराबाई, तुमची रीत मले मान्य आहे. वस्तू माघारी देऊ नका. पण बुधवारी पोळा आहे, तुमच्या घरी वीस पानं उठतात, बैलालेही पुरणपोळी जाते. किडीचा भुसा पाहुण्याच्या पानात पडला तर घराण्याले बोल लागन. पोळ्यापुरता तो पाट उचलून माळ्यावर टाका. हात जोडतो.

तार करावी असं मनात आलं होतं. पण तार आली का घरात आधी रडारड होते, मग वाचन होतं. म्हणून केली नाही. तू घाबरू नको. घाबरायसारखं काही नाही.

तुहा बाप
पुंजाजी


अमडापूर
ता. १२ सप्टेंबर १९६६, सोमवार
(किसनच्या हाती)

कोकिळा,

हे पत्र मोठ्यानं वाचू नको. कोणी "वाच" म्हणलं तर बाबाचा पाय बिघडला एवढं सांग आणि गोठ्यात जाऊन वाच. किसनले बजावलं आहे, का तुह्याच हातात द्यायचं. आत काय आहे ते त्यालेही ठाऊक नाही.

आधी कामाचं सांगतो. त्या पाटाले कीड नाही. इख आहे. कपाशीवर फवारतात ते औषध त्या लाकडात मुरलं आहे. ह्या घडीपासून त्याच्यावर काही लाटू नको, कोणाले लाटू देऊ नको. हात लागला तर माती लावून धुव. तू हे वाचशीन तेव्हा पोळा उद्यावर असन. वीस माणसं आणि चार बैल, माय! मी तीन दिवस झाले हाच हिशोब करून राह्यलो.

आता कसं झालं ते ऐक.

होळीच्या सुमारास चिखलीच्या बाजूले एक गोदाम मोडलं. त्यातल्या जमिनीवरच्या सागाच्या फळ्या मले मिळाल्या. दोन दोन बोटं जाड, हातभर रुंद, चाळीस वर्षं मुरलेलं लाकूड. तुले ठाऊक आहे, हयातीची हमी द्यायची तर लाकूड वाळलेलं पाह्यजे. ओल्या लाकडाचा पाट दुसऱ्या उन्हाळ्यात वाकतो. असं लाकूड सुताराले जन्मात एकदा भेटते. मी तर निस्ता खुळावलो होतो.

फळ्यांच्या एका बाजूले काळे डाग होते आणि उग्र वास होता. मी म्हणलं, राकेल असन. सोड्यानं धुतल्या, पंधरा दिवस उन्हात टाकल्या, काळं रंध्यानं काढलं, वरून जवसाचं तेल पाजलं. वास गेला. सात पाट झाले. असे पाट माह्या हातून कधी झाले नव्हते.

रंधा मारत होतो तेव्हा माहे हात थरथरायचे. डोक्सं गरगरायचं, मळमळायचं. मी म्हणलं, ऊन लागलं. काम संपलं, थरथर गेली. श्रावणात शेवटची फळी घेतली आणि पुन्हा तेच. वाकस त्या थरथरीनंच पायावर आला, आठवा पाट तसाच अर्धा राह्यला. तुले 'निसटला' लिहिलं ते खोटं होतं.

रंध्याच्या ढलप्यांचं पोतं भरून पडलं होतं. शेजारच्या सत्यभामाबाईनं कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायले मांगतलं, मी देल्लं. पावसानं खुराडं ओलं झालं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बोंबलत आली. अकरा कोंबड्या, कोकिळा. पाय ताणून, माना उलट्या करून मेल्या. ती म्हणे मानमोडी आली. मी ढलपी उचलून नाकाले लावली. ओली झाली होती ना, वास परत आला होता.

त्या दिवशी तुले पह्यलं कार्ड टाकलं. तेव्हा निस्ता संशय होता, असं मी मनाले सांगत होतो. काल त्या गोदामावरचा राखणदार, भगवंतराव, बाजाराले चालला दिसला. त्याले ओट्यावर बसवलं, च्या पाजला आणि मंग इचारलं, का बा, त्या फळ्यांवर काय राहत होतं? तो म्हणे, "औषधाचे डबे. दोन फुटले होते. फळ्या त्यानं भिजल्या, म्हनूनच तं स्वस्त गेल्या. तुले कोनी सांगतलं नाही?" नाही सांगतलं कोणी. पण सांगायले कशाले पाह्यजे होतं? नाक माह्यंच होतं.

एक गोष्ट अजून लिहितो, ती लिहिली नाही तर मेल्यावरही माह्या छातीवर बसन. दर साली नवे पाट झाले का पह्यला मी आपल्या चुलीजवळ ठेवतो. तुही माय होती तेव्हापासूनची चाल आहे. यंदा सात केले आणि एकही घरात ठेवला नाही. काऊन नाही ठेवला? मले तेव्हाही सांगता आलं नसतं. मनात पाल चुकचुकली होती. माह्या स्वतःच्या भाकरीजवळ नको वाटला आणि तुह्या हातात देल्ला.

हयातीची हमी देतो म्हणून मिरवलो. ज्या बाईची हयातच माह्या पाटानं आखूड होऊन राह्यली, तिले मी काय बदलून देऊ?

विहीणबाईचे हात थरथरतात ते वयानं नाही. ती माह्याच हाताची थरथर आहे. त्यांले ताबडतोब बुलढाण्याले दवाखान्यात न्यायले पाह्यजे. देवरुष्यानं काही होणार नाही.

तू म्हणशीन, एवढं होतं तर आधी काऊन नाही लिहिलं. तुह्या घरी पत्र मोठ्यानं वाचतात. माह्या पत्रात 'इख' शब्द आला असता तर तो आधी तुह्या तोंडून बाहेर पडला असता. विहीणबाई आजारी, पोळ्या लाटणारी तू, पाट तुह्या माहेरचा, आणि त्या घराचं तुह्याशी वागणं कसं, ते मले ठाऊक आहे. 'सुनेनं माहेराहून इख आणलं' म्हणायले कितीसा वेळ लागतो? विहिरीत ढकललं असतं तुले आणि पाय घसरला म्हणून सांगतलं असतं. ह्या भ्यानं मी किडीच्या गोष्टी सांगत बसलो. अर्धं हे खरं आहे. अर्धं असं, का मी माह्या नावासाठी भ्यालो. पाटी उतरवावी लागन, लोकं थुंकतील, पोलीस येतील. किसन म्हणला होता, "दादा, खाटेवर घालून गाडीत टाकतो, चाल माह्यासंगं." मीच नाही म्हणलो. पायाचं निमित्त होतं. तुह्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

आता आखाजीचं.

तू आलीस तेव्हा मनगटावर बाही ओढत होतीस. मी पाह्यलं होतं, बाई. तापलेल्या उलथण्याचा डाग होता. मी रोज सळई तापवून लाकडाले डाग देतो, मले डाग कळत नाही का? मी पाह्यलं आणि रंध्याले धार लावत बसलो. आठव्या दिवशी तू म्हणलीस, मी जात नाही. मी म्हणलो, लोकं काय म्हणतील. सासूले खुश करायले सातांतला सगळ्यात देखणा पाट काढला, फडक्यात बांधला आणि तुले गाडीत बसवलं. गाडी हालली तेव्हा तू खिडकीतून म्हणलीस, "बाबा, पाटाची हमी देता, माही कोन देईन?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं. तुही माय असती तर तिनं तुले जाऊ देल्लं नसतं.

आता मी सांगतो तसं कर. किसन दारात उभा राहीन. कुऱ्हाड घे आणि पाट फोड. सणासुदीले फुटका पाट म्हणजे अपशकुन, बोलतील, आंगावर येतील, पण फुटलेला पाट कोणी वापरणार नाही. तुकडे जाळू नको, धूरही वाईट. कोणाले देऊ नको. खोल पुर. मंग किसनसंगं निघ आणि घरी ये. जे काही इथं होईन ते माह्यावर होईन. मी पाटी उतरवली आहे. सहा पाट पुरायले खड्डा खणवून ठेवला आहे, पोलीस आले तर त्यांले आधी दाखवीन.

वाचून झालं का हे पत्र चुलीत घाल.

मले क्षमा कर म्हणत नाही. निस्तं जित्ती ये.

ज्यानं तुले परत पाठवलं तो,
पुंजाजी


बुलढाणा
ता. १७ सप्टेंबर १९६६

तीर्थरूप बाबांना कोकिळाचा नमस्कार.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं.

तुम्ही सांगितलं तसं आधी गोठ्यात गेले होते. अर्धं वाचलं आणि तशीच परत फिरले. आत चुलीवर उद्याच्या पुरणाची डाळ शिजत होती, नणंद कणीक भिजवत होती, पाट तिच्यासमोर मांडलेला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात पदराखाली दाबून धरलेले, कोणाला थरथर दिसू नये म्हणून. मी दारात उभी राहिले. आधी नणंदेच्या पुढ्यातून पाट ओढून घेतला. ती म्हणाली, "काय वं, याड लागलं का?" सासूबाई म्हणाल्या, "बापाचं पत्र आलं ना? वाच."

बाबा, नुसता पाट फोडून किसनकाकांबरोबर निघाले असते तर मी वाचले असते. पण सासूबाईंना काय झालं आहे ते कोणाला कळलं नसतं. देवरुषी अंगारा लावत बसला असता आणि त्या महिनाभरात गेल्या असत्या. मला त्यांच्याबद्दल माया आहे असं समजू नका. माया नाही. पण डोळ्यांसमोर माणूस मरू द्यायचं आणि आपण एस.टी.त बसायचं, हे मला जमेना. म्हणून पहिल्या ओळीपासून वाचलं. 'हे पत्र मोठ्यानं वाचू नको' हेही वाचलं. हाताच्या डागाचं वाक्य आलं तेव्हा वाटलं, हे गाळावं. नाही गाळलं. 'विहिरीत ढकललं असतं' तेही वाचलं. डाळ लागल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही.

वाचून झाल्यावर नणंद बोललीच. "सुनेनंच इख आनलं घरात." तुम्हाला वाटलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. पण ते शब्द तुमच्या पत्रात आधीच लिहिलेले होते आणि सगळ्यांनी आत्ताच ऐकले होते, म्हणून ती स्वतःच गप्प झाली. पत्र तुमच्या अक्षरात नसतं तर त्या दिवशी माझं काय झालं असतं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

हे उठले. मला वाटलं, आता मारतात. किसनकाकाही पुढं सरकले. ह्यांनी पाट घेतला आणि अंगणातल्या दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, तरी नाही. तुमचा पाट तो! शेवटी कुऱ्हाडीचे तीन घाव घालावे लागले. पडीक जागेत पुरुषभर खड्डा करून पुरला. पुरणाची डाळ, कणीक, सगळं त्यातच ओतलं. पोळ्याला घरात चूल पेटली नाही. बैलांना नुसता गूळ दिला.

त्याच संध्याकाळी सासूबाईंना मोताळ्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं एस.टी.नं इथं आणलं. वाटेत एकदा झटका आला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, कधीपासून? मी तुमचं पत्रच त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलं, नाहीतर आम्ही फेफऱ्याचीच औषधं देत बसलो असतो. आता जीवाचा धोका टळला म्हणतात. हातांचं मात्र सांगता येत नाही.

तुम्ही दोनदा विचारलं होतं म्हणून लिहिते. भाकरच खात होते. तीही शिळी, सगळ्यांची झाल्यावर. गव्हाची पोळी सुनेसाठी नसते असा त्यांचा नेम होता. त्या नेमानं मी वाचले. हे डॉक्टर त्यांच्यासमोरच बोलले, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

इथं त्यांना मीच भरवते. घास तोंडाजवळ नेला की आधी माझ्या तोंडाकडं बघतात. ओठ मिटून घेतात. बाबा, ती नजर मला चांगली माहीत आहे. चार वर्षं तीच नजर घेऊन मी त्यांच्या घरात जेवले. म्हणून आता पहिला घास मी खाते, गिळून दाखवते, मग त्या तोंड उघडतात.

पत्र चुलीत घातलं नाही. इथल्या पोलिसांनी वाचायला नेलं आणि परत आणून दिलं. ते तुमच्याकडं येणार आहेत. काल संध्याकाळपासून मला त्याचीच भीती वाटते आहे. त्यांच्याशी किडीच्या गोष्टी करू नका. मला लिहिलं तसंच सांगा.

आता शेवटचं. तुम्ही आखाजीचं सगळं लिहिलं, डाग लिहिला, खिडकीतलं माझं बोलणं लिहिलं. एक तेवढं लिहायचं राहिलं. मी तुमच्या दारात उभी होते, हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती, तेव्हा तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात ते आठवतं? तुम्ही म्हणालात, "काय वं, तुह्यं काय चुकलं?" चार कोसावरून कोणी परकी बाई फुटका पाट घेऊन आली तर तिला तुम्ही एवढंही विचारत नाही.

सासूबाईंना आठ दिवसांनी घरी सोडतील. त्यांना रोहिणखेडला पोचवून मी अमडापूरला येते आहे. हे 'जा' म्हणाले नाहीत आणि 'नको'ही म्हणाले नाहीत. राहायला येते की भेटायला, ते मलाही अजून ठाऊक नाही.

पाटी उतरवली असेल तर परत लावा. मी आले की का आले, किती दिवसांसाठी आले, चूक कोणाची, काही विचारू नका. पाट उलटा करून डाग बघता, तसा माझ्या हाताचा डाग बघा आणि आत घ्या.

तुमच्या हमीप्रमाणे,
कोकिळा